आधी गरज ठरवा, मग संचालक निवडा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

विषय: शेअर बाजारात नोंदणीकृत कंपन्यांच्या संचालक मंडळावरील स्वतंत्र संचालकांची निवड

जुलै ते सप्टेंबर हा शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचा काळ असतो. ज्यांच्या डीमॅट खात्यात दहा-वीस कंपन्यांचे थोडे थोडे शेअर आहेत, त्यांच्या ई-मेलवर या दिवसांत सभेच्या सूचना आणि वार्षिक अहवाल यांची रीघ लागते आणि लाभांश किती, एवढे पाहून बहुतेक जण ती बाजूला सारतात. त्याच सूचनेत पाचव्या किंवा सहाव्या क्रमांकावर पुष्कळदा एक विशेष ठराव असतो: अमुक यांची स्वतंत्र संचालक म्हणून पाच वर्षांसाठी नेमणूक करावी. स्वतंत्र संचालक म्हणजे कंपनी स्थापन करून तिच्यावर ताबा असलेल्यांशी, अर्थात प्रवर्तकांशी, हितसंबंध नसलेला संचालक. असे ठराव लिहिण्यात माझी सत्तावीस वर्षे गेली. दोन मध्यम आकाराच्या कंपन्यांत कंपनी सचिव म्हणून काम करून मी निवृत्त झालो. त्या काळात संचालक मंडळाच्या शंभराहून अधिक बैठकांची इतिवृत्ते मी लिहिली. त्या अनुभवातून एकच गोष्ट आपल्या वाचकांपुढे ठेवायची आहे. संचालक निवडण्याचा आपल्याकडचा क्रम उलटा आहे. आधी माणूस ठरतो आणि त्याला शोभेल अशी गरज नंतर लिहिली जाते.

कायद्याने क्रम सरळ सांगितला आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १४९ नुसार नोंदणीकृत कंपनीच्या मंडळात किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र असावे लागतात. भांडवल बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या नियमानुसार अध्यक्ष कार्यकारी किंवा प्रवर्तकांपैकी असेल, तर हे प्रमाण निम्मे होते. स्वतंत्र संचालक सचोटीचा आणि संबंधित विषयाचे ज्ञान व अनुभव असलेला असावा, असे कायद्याचे शब्द आहेत. त्याची निवड नामनिर्देशन व मोबदला समितीने करायची असते आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर या समितीचे काम अधिक स्पष्ट झाले आहे. मंडळात आज कोणती कौशल्ये आहेत आणि कोणती नाहीत याचा आधी आढावा घ्यायचा, त्यावरून नव्या संचालकाकडून काय अपेक्षित आहे याचे वर्णन तयार करायचे आणि मग त्या वर्णनात बसणारी व्यक्ती शोधायची. भागधारकांना पाठवलेल्या सूचनेतही या पदासाठी कोणती कौशल्ये लागतात आणि प्रस्तावित व्यक्ती ती कशी पूर्ण करते, हे लिहावे लागते. म्हणजे नियमाची उणीव आहे असे मला म्हणता येत नाही. उणीव आहे ती नियम पाळण्याच्या पद्धतीत.

ती पद्धत मी आतून पाहिली आहे. एका कंपनीत अध्यक्षांच्या कार्यालयातून मला एका निवृत्त वरिष्ठ सनदी अधिकाऱ्यांचा परिचय आला आणि पुढच्या बैठकीच्या आत नेमणुकीची कागदपत्रे तयार करावीत, असा निरोप मिळाला. समितीची बैठक त्यानंतर झाली आणि दहा मिनिटांत संपली. कोणती कौशल्ये हवी होती, याचा परिच्छेद मी त्या परिचयावरूनच लिहिला होता. त्यात प्रशासन, धोरण आणि लोकसंपर्क एवढेच होते, कारण परिचयात तेवढेच होते. त्या वर्षी आमच्या कंपनीपुढचा खरा प्रश्न परकीय चलनातल्या कर्जाचा होता आणि मंडळात तो विषय कळणारी एकही व्यक्ती नव्हती. तो परिच्छेद माझ्या हातचा होता आणि तो लिहिताना मी गप्प बसलो, याची खंत मला आजही वाटते. ते अधिकारी सज्जन होते, बैठकांना वेळेवर येत, पण चलनाच्या जोखमीची टिपणी पटलावर आली की पान उलटून पुढे जात. दोष त्यांचा नव्हता. ज्या कामासाठी त्यांना बोलावलेच नव्हते, ते काम त्यांच्याकडून कसे व्हावे?

क्रम उलटा असला की काय होते, याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे हैदराबादची सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस. त्या कंपनीच्या मंडळावर माजी कॅबिनेट सचिव होते, हार्वर्डचे प्राध्यापक होते, इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे अधिष्ठाता होते, आयआयटीचे माजी संचालक होते आणि पेंटियम चिपच्या निर्मितीशी ज्यांचे नाव जोडले जाते असे तंत्रज्ञही होते. २००८ मध्ये कंपनीला उत्तम कारभारासाठी पुरस्कारही मिळाला होता, जो पुढे काढून घेण्यात आला. १६ डिसेंबर २००८ रोजी याच मंडळाने मेटास प्रॉपर्टीज आणि मेटास इन्फ्रा या दोन कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरला घेण्याचा ठराव एकमताने संमत केला. या दोन्ही कंपन्या प्रवर्तकाच्या कुटुंबाशी संबंधित होत्या. त्यांचे नाव तर सत्यमच्या इंग्रजी अक्षरांचा क्रम उलटवून तयार केलेले होते. गुंतवणूकदारांनी एवढा विरोध केला की काही तासांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले की ताळेबंदात दाखवलेली सुमारे ५,०४० कोटी रुपयांची रोकड आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नव्हती.

खोटी बँक शिल्लक संचालकांनी बैठकीत बसून ओळखायला हवी होती, असा माझा आग्रह नाही, कारण तो लबाडीचा भाग होता आणि लेखापरीक्षकांची सही त्यावर होती. परंतु मेटासच्या ठरावात लपलेले काहीच नव्हते. सॉफ्टवेअर कंपनीचा पैसा प्रवर्तकाच्या घरच्या बांधकाम आणि जमिनीच्या व्यवसायात का जावा, हा प्रश्न विचारायला गुप्त माहिती लागत नव्हती. बैठकीत काही शंका निघाल्या असतीलही, पण ठराव झाला तो एकमताने. मंडळात विद्वत्तेची कमी नव्हती. तिथे एकही अशी व्यक्ती नव्हती, जिला 'प्रवर्तकाशी होणारे व्यवहार तपासणे हेच तुमचे काम, त्यासाठीच तुम्हाला घेतले आहे' असे सांगून बसवले होते.

याच प्रकरणाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, पण त्याची चर्चा फारशी होत नाही. केंद्र सरकारने जुने मंडळ बरखास्त करून जानेवारी २००९ मध्ये सहा जणांचे नवे मंडळ नेमले. त्यात नॅसकॉम या सॉफ्टवेअर उद्योगाच्या संघटनेचे नेतृत्व केलेले किरण कर्णिक होते, एचडीएफसीचे दीपक पारेख होते, रोखे अपिलीय न्यायाधिकरणाचे माजी पीठासीन अधिकारी सी. अच्युतन होते, चार्टर्ड अकाउंटंट संस्थेचे माजी अध्यक्ष टी. एन. मनोहरन होते, उद्योग महासंघाचे तरुण दास होते आणि आयुर्विमा महामंडळाचे एस. बी. मैनक होते. ही नावेही मोठीच होती. परंतु कंपनीपुढे त्या आठवड्यात कोणती कामे होती ती पाहा: सुमारे पन्नास हजार कर्मचाऱ्यांचा पगार भागवायचा होता, परदेशी ग्राहक टिकवायचे होते, हिशेब नव्याने लिहायचे होते, अमेरिकेतल्या दाव्यांना तोंड द्यायचे होते आणि खरेदीदार शोधायचा होता. माहिती तंत्रज्ञान, वित्त, कायदा, लेखे, उद्योगजगत आणि मोठा संस्थात्मक गुंतवणूकदार, असा एकेका कामाला एकेक माणूस होता. एप्रिल २००९ मध्ये बोलीतून टेक महिंद्राची निवड झाली आणि २०१३ मध्ये सत्यम त्या कंपनीत विलीन झाली. आज पुण्यात मुख्यालय असलेल्या त्या कंपनीत आपल्या शहरातली हजारो मुले-मुली काम करतात. कंपनी तीच, कर्मचारी तेच आणि मंडळ निवडण्याची रीत मात्र वेगळी, असे उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

२०१८ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातली आयएल अँड एफएस ही पायाभूत सुविधांना कर्ज देणारी कंपनी कोसळली, तेव्हाही मंडळात जाणकारांची वाण नव्हती आणि मोठ्या वित्तसंस्थांचे प्रतिनिधीही होते. समूहावर सुमारे ९१ हजार कोटी रुपयांचे कर्ज होते. अशा कंपनीच्या जोखीम व्यवस्थापन समितीची २०१५ ते २०१८ या काळात एकच बैठक झाल्याचे नंतर पुढे आले. समिती कागदावर होती, सदस्य होते, मात्र बैठक बोलावलीच पाहिजे असे वाटणारा कोणी नव्हता.

मग 'पात्र' कोणाला म्हणायचे? दुसऱ्या कंपनीत माझ्या वाट्याला आलेले एक संचालक मला आठवतात. ते एका बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झालेले होते. वर्तमानपत्रात त्यांचे नाव कधी आले नव्हते आणि बैठकीतही ते फारसे बोलत नसत. एका तिमाहीत विक्री चांगली वाढल्याचे सादरीकरण झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले की विक्री वाढली, पण त्याच्या दुप्पट वेगाने उधारी का वाढली, आणि १८० दिवसांवरची येणी किती आहेत. उत्तर कोणाकडे नव्हते. पुढच्या बैठकीत येण्यांची मुदतवार यादी आणावी, असे त्यांनी इतिवृत्तात नोंदवायला लावले. यादी आली तेव्हा कळले की तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात वितरकांकडे माल ढकलून विक्री फुगवली जात होती. ती प्रथा तिथेच थांबली. या गृहस्थांची निवड कशी झाली होती? आदल्या वर्षी लेखापरीक्षण समितीतले एक सदस्य निवृत्त झाले, तेव्हा समितीच्या अध्यक्षांनी लेखी कळवले होते की कर्जदार कंपन्यांचे ताळेबंद आयुष्यभर वाचलेली व्यक्ती हवी. दोन ओळींच्या त्या चिठ्ठीचा उपयोग मी लिहिलेल्या अनेक पानांपेक्षा अधिक झाला.

लेखापरीक्षण समितीच्या सर्व सदस्यांना वित्तीय विवरणपत्रे वाचता यावीत आणि किमान एकाला हिशेबाचे किंवा वित्तव्यवस्थापनाचे विशेष ज्ञान असावे, असा सेबीचा नियम आहे. औषध कंपनीला परदेशी औषध नियामकांच्या तपासण्या कळणारी व्यक्ती हवी, रसायन कंपनीला कारखान्यातली सुरक्षा कळणारी हवी, घरोघरी सेवा देणाऱ्या कंपनीला माहितीची सुरक्षा समजणारी हवी. हे लिहून काढणे कठीण नाही. आज वार्षिक अहवालात कौशल्यांचा तक्ता छापावाच लागतो आणि कोणत्या संचालकाकडे कोणते कौशल्य आहे हेही नावानिशी द्यावे लागते. पण पुष्कळ अहवालांत त्या तक्त्यात सर्व संचालकांपुढे सर्व रकान्यांत बरोबरची खूण असते. नेतृत्व, धोरण, वित्त, तंत्रज्ञान, सगळे सगळ्यांना येते. ज्या तक्त्यात एकही रकाना रिकामा नाही, तो तक्ता नव्या संचालकाची गरज कशी दाखवणार?

वेळेचा विचार तर जवळजवळ होतच नाही. सेबीच्या नियमाप्रमाणे एका व्यक्तीला सात नोंदणीकृत कंपन्यांत संचालक राहता येते. वर्षाला मंडळाच्या किमान चार बैठका धरल्या तर सात कंपन्यांच्या अठ्ठावीस होतात आणि लेखापरीक्षण समितीवर असल्यास आणखी अठ्ठावीस. आकडा वर्षभरात विभागला तर जमेल असे वाटते, पण तो विभागला जात नाही. तिमाही निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत जाहीर करावे लागतात, त्यामुळे सगळ्या कंपन्यांच्या बैठका जुलैचा उत्तरार्ध ते १४ ऑगस्ट, ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते १४ नोव्हेंबर अशा त्याच त्या दिवसांत एकवटतात. विषयपत्रिका आणि टिपण्या सात दिवस आधी पाठवायच्या असतात आणि त्या दोनशे-तीनशे पानांच्या असणे नवे नाही. त्या तीन-चार आठवड्यांत सात कंपन्यांची कागदपत्रे वाचणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. टिपणीचे पाकीट बैठकीच्या टेबलावर उघडले जाताना मात्र पुष्कळदा पाहिले आहे.

यावर पात्रतेची परीक्षा हा उपाय योजला गेला. डिसेंबर २०१९ पासून स्वतंत्र संचालकांना मानेसर येथील भारतीय कॉर्पोरेट व्यवहार संस्थेच्या यादीत नाव नोंदवावे लागते आणि ज्यांना अनुभवामुळे सूट नाही त्यांना ऑनलाइन चाचणी द्यावी लागते. ती कितीही वेळा देता येते आणि ५० टक्के गुण पुरेसे असतात. कायद्याची तोंडओळख होण्यासाठी ती ठीक आहे आणि तेवढ्यापुरते तिचे स्वागतच करायला हवे. उधारीबद्दल विचारलेला तो प्रश्न मात्र कोणत्याही चाचणीतून येत नाही. महिला संचालकांच्या अटीचा अनुभवही लक्षात घ्यावा. ती पहिल्यांदा लागू झाली तेव्हा अनेक प्रवर्तकांनी घरातलीच पत्नी, मुलगी किंवा सून मंडळावर आणून अट पूर्ण केली. पुढे सेबीने नेमलेल्या उदय कोटक समितीच्या शिफारशीनंतर मोठ्या कंपन्यांत किमान एक महिला संचालक स्वतंत्र असावी, असे सांगावे लागले. देशात लेखापाल, वकील, अभियंता, बँकर अशा कर्तबगार स्त्रिया असताना ही पळवाट निघाली, कारण तिथेही जागा भरणे हाच हेतू होता.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हा प्रश्न सहकारी बँकांच्या निमित्ताने अधिक जवळचा वाटेल. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले आणि खातेदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येऊ लागले, ते दिवस मुंबई-ठाण्यातले लोक विसरलेले नाहीत. बँकेचा बहुतांश कर्जपुरवठा एकाच बांधकाम समूहाला झाला होता. त्यानंतर २०२० च्या कायदादुरुस्तीने व्यापारी बँकांना असलेली एक जुनी अट सहकारी बँकांनाही लागू झाली: संचालकांपैकी किमान ५१ टक्के व्यक्तींना लेखाशास्त्र, बँकिंग, सहकार, शेती व ग्रामीण अर्थव्यवस्था, कायदा, अर्थशास्त्र अशा विषयांचे विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव हवा. इतर कंपन्यांवर अशी टक्केवारी लादावी, असे मी म्हणणार नाही. कारण प्रत्येक कंपनीची गरज निराळी असते आणि ती त्या कंपनीनेच शोधली पाहिजे.

मग भागधारकाच्या हातात काय आहे? पुष्कळ आहे, आणि हे सांगण्यासाठीच मी पत्र लिहायला बसलो. स्वतंत्र संचालकाची नेमणूक आता विशेष ठरावाने होते, म्हणजे बाजूने पडलेली मते विरोधी मतांच्या किमान तिप्पट असावी लागतात. समजा प्रवर्तकाकडे ५५ टक्के शेअर आहेत. एकूण शेअरांपैकी १९ टक्के शेअर असलेल्या बाहेरच्या भागधारकांनी जरी विरोधात मत दिले आणि बाकीच्यांनी मतदान केले नाही, तरी ५५ ही संख्या १९ च्या तिप्पट होत नाही आणि ठराव पडतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये सेबीने एक पर्यायी मार्ग ठेवला, पण त्यातही बाहेरच्या भागधारकांची बाजूची मते विरोधी मतांपेक्षा जास्त असावी लागतात. म्हणजे प्रवर्तकाला एकट्याच्या बळावर नेमणूक करून घेणे बहुतेक कंपन्यांत कठीण आहे. ती सहज होते, कारण आपण मतच देत नाही. ई-मतदान सभेच्या आदल्या दिवसापर्यंत किमान तीन दिवस खुले असते आणि मोबाइलवर पाच मिनिटांत होते. ज्यांची गुंतवणूक म्युच्युअल फंडांतून आहे, त्यांच्या वतीने फंडाला मत द्यावेच लागते आणि ते कारणासह संकेतस्थळावर जाहीर करावे लागते. ते वाचून फंडाला पत्र लिहिता येते.

कलम १५१ तर फार थोड्यांना ठाऊक आहे. ज्यांच्याकडे २०,००० रुपयांपर्यंतच्या दर्शनी मूल्याचे (बाजारभाव नव्हे, शेअरची मूळ नोंदलेली किंमत) शेअर आहेत, त्यांना कायदा छोटे भागधारक म्हणतो. दर्शनी मूल्य १० रुपये असेल तर दोन हजार शेअरपर्यंत आणि १ रुपया असेल तर वीस हजार शेअरपर्यंत. असे एक हजार भागधारक किंवा एकूण छोट्या भागधारकांचा दहावा हिस्सा, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढ्यांनी सभेच्या किमान चौदा दिवस आधी नोटीस दिली, तर त्यांच्यातर्फे एक संचालक निवडता येतो. कायद्यात 'नेमता येईल' असा शब्द असल्यामुळे कंपन्या त्याबाबत ढिलाई करतात, हे खरे आहे. परंतु एवढ्या सह्यांची नोटीस आली तर ती दुर्लक्षित ठेवणे कोणत्याही मंडळाला अवघड जाईल.

मत देण्याआधी सूचनेतले स्पष्टीकरण वाचावे आणि तीन गोष्टी पाहाव्यात, अशी माझी विनंती आहे. मंडळात नेमके कोणते ज्ञान कमी होते, हे लिहिले आहे का. ही व्यक्ती आणखी किती मंडळांवर आहे आणि पुनर्नियुक्ती असेल तर गेल्या वर्षी किती बैठकांना हजर होती. आणि तिचे नाव समितीपुढे कोठून आले. तिसरी माहिती देण्याची सक्ती आज नाही. ती व्हावी, यासाठी सेबीने सूचनेच्या नमुन्यात एक ओळ वाढवावी: नाव प्रवर्तकाने सुचवले, विद्यमान संचालकाने, बाहेरच्या संस्थेने की भागधारकाने. गेल्या वर्षी एका कंपनीच्या दूरदृश्य सभेत मी हाच प्रश्न विचारला, तेव्हा 'ते अत्यंत नामवंत व्यक्तिमत्त्व आहेत' एवढेच उत्तर मिळाले. मी विरोधात मत दिले.

आपल्या वृत्तपत्राच्या अर्थपानावर ऑगस्ट आणि सप्टेंबर या दोन महिन्यांत दर आठवड्याला एक छोटी चौकट देता आली, तर तिचा फार उपयोग होईल. महाराष्ट्रात नोंदणीकृत कार्यालय असलेल्या ज्या कंपन्यांत त्या आठवड्यात संचालकांच्या नेमणुकीवर मतदान आहे, त्यांची नावे, उमेदवार, त्यांची इतर संचालकपदे आणि मतदानाची शेवटची तारीख एवढीच माहिती त्यात असावी. ती शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर सर्वांना खुली असते. ती गोळा करून मराठीत मांडण्याचे काम लागेल तर मी विनामूल्य करीन आणि माझे काही निवृत्त सहकारीही मदतीला तयार आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कंपनी सचिव, पुणे